कायमचा निकामी

मी खेचर बोलतोय. जरा समोरून या. मागून येणाऱ्याला मी लाथ मारतो, मग तो ओळखीचा असो वा नसो. त्यात वैर काही नसतं, जातीची खोड आहे. आज तशी उठायची सोय उरलेली नाही. पुढचा पाय दुसऱ्यांदा मोडलाय आणि मी कुशीवर पडून आहे. पण पाय मोडला म्हणून खोड थोडीच मोडते! म्हणून आधीच सांगून ठेवलं.

माझी आई घोडी आणि बाप गाढव. लोक एकमेकांना ‘गाढवाच्या पोरा’ म्हणून शिवी देतात; मला कोणी तसं म्हटलं की ती फक्त ओळख करून दिल्यासारखी होते. आईला मी पसंत नव्हतो. तिने मला पाजण्याआधी लाथ घातली, आणि तोच माझा पहिला धडा. पुढे व्यापाऱ्याने चारी पाय बांधून मला खच्ची केलं. खेचराला तशीही पोरं होत नाहीत, पण खच्ची केल्याने म्हणे स्वभाव मऊ होतो. माझा चांगलाच कडक झाला. बाजारात एका गिऱ्हाइकाने दात बघायला जबडा फाकवला, तेव्हा त्याच्या बोटाचं पेर माझ्या तोंडात राहिलं.

त्यामुळे माझी किंमत पडली आणि मला एका वीटभट्टीच्या मालकाने घेतलं. “चावरं आहे ना? मग दणकट असणार,” असं म्हणून त्याने माझ्या कानशिलावर एक गुद्दा ठेवून दिला. मालक तरुणपणी कुस्त्या खेळायचा. आखाडा सुटला तरी हात सुटले नव्हते. तो बोलण्याआधी मारायचा आणि मारून झाल्यावर कशासाठी मारलं ते आठवायचा.

भट्टीवर आम्ही बारा खेचरं होतो. ओल्या मातीच्या कच्च्या विटा वाळल्या की त्या भट्टीपर्यंत वाहायच्या आणि भाजलेल्या विटा बाहेर आणायच्या. पाठीवर खोगीर, खोगिराच्या दोन्ही अंगांना जाळ्या, जाळ्यांत विटा. वाट अरुंद. एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला भट्टीची तापलेली भिंत. आम्हाला एका दोरीत, एकामागे एक बांधायचे. मी सगळ्यांत शेवटी, कारण माझ्या मागे चालायला कोणी तयार नसे.

आम्हाला हाकणारा खेचरवाला किरकोळ अंगाचा, बडबड्या माणूस होता. काठी हातात असायची, पण ती तो आमच्यापेक्षा जमिनीवरच जास्त आपटायचा. त्याची बायको तिथेच विटा थापायची. तिला सगळे वहिनी म्हणत. ही हकिगत माझ्या पायाची आहे तितकीच तिची आहे, किंबहुना तिचीच जास्त.

एके दिवशी खेचरवाला मालकाला म्हणाला, “मालक, भिंतीला पोट आलंय. भट्टी जरा गार होऊ द्या.”

मालकाने आधी थोबाडीत मारली आणि मग उत्तर दिलं. “भट्टी गार झाली तर तुझी चूल पण गार होईल. चल, हाक!”

तिसऱ्या खेपेला भिंत फुटली. तिने आधी आवाज केला नाही, इशारा दिला नाही. लालभडक विटा, राख आणि जळता कोळसा एकदम आमच्यावर आला. पुढची खेचरं विटांखाली गेली आणि किंचाळू लागली. खेचर किंचाळतं कसं ते तुम्ही ऐकलं नसेल तर ऐकू नका. दोरीने सगळे एकत्र बांधलेले, त्यामुळे पुढचा पडला की तो मागच्याला आगीत ओढत होता. खेचरवाला मागून धावत आला. त्याने कमरेचा सुरा काढला आणि पहिली माझी दोरी कापली. मी त्याला लाथ मारली. हो, मारली, मागून आला म्हणून. त्याने फक्त एक शिवी हासडली, खुरडत पुढे गेला आणि पुढच्याची दोरी कापायला वाकला. तेवढ्यात भिंतीचा उरलेला भागही खाली आला.

अकरा खेचरं मेली आणि खेचरवाला मेला. माझ्या पाठीची कातडी मानेपासून शेपटीपर्यंत सोलून निघाली. खेचरवाल्याला विटांखालून काढलं तेव्हा सुरा त्याच्या मुठीतच होता. वहिनीने तो सोडवून घेतला आणि कमरेला खोचला. मी त्या माणसाचं देणं लागतो, आणि ते फिटण्यासारखं नाही.

आता मालकाच्या मेहुण्याबद्दल सांगतो. मालकाच्या बायकोचा हा भाऊ भट्टीचे हिशेब ठेवायचा आणि दरवर्षी आयकराचं विवरणपत्र भरायचा. बसायचा ऑफिसच्या खिडकीशी, आणि माझी खुंटी नेमकी खिडकीखाली. त्यामुळे आयकराचं माझं ज्ञान माझ्या बापापेक्षा पुष्कळच जास्त आहे. मेहुणा कायद्याची कलमं मोठ्याने वाचायचा. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात ना, तसलाच प्रकार, पण मी अर्धा घोडाही आहे.

“भाऊजी, कायद्यात सोय आहे,” भिंत पडल्यानंतर तो मालकाला सांगत होता. “धंद्यासाठी पाळलेलं जनावर मेलं, किंवा कायमचं निकामी झालं, तर त्याची खरेदीची किंमत उत्पन्नातून वजा होते. मढं विकून आलेले पैसे तेवढे सोडायचे.”

“मग बारा लिही.”

“एक जिवंत आहे, भाऊजी.”

“पाठ बघ त्याची! उद्यापर्यंत मरतंय. बारा लिही.”

मेहुण्याने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं आणि बारा लिहिले. अशा रीतीने मी सरकारदरबारी मेलो.

त्या वेळी वहिनी खिडकीशी उभी होती. तिने विचारलं, “दादा, ह्यांचं कुठे लिहिलंत?”

मेहुणा वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. तो खाली बघत म्हणाला, “वहिनी, त्यांचं लिहायला जागा नाही. जे विकत घेतलेलं असतं त्याचीच किंमत वजा होते. त्यांना मालकांनी विकत घेतलं नव्हतं ना.”

मालकाने तर वरताण केली. कामगार खात्याची माणसं चौकशीला आली तेव्हा तो म्हणाला, “तो आमच्याकडे कामाला नव्हताच. बायकोला भेटायला आला आणि मध्ये सापडला.” हजेरी लिहायची पद्धतच भट्टीवर नव्हती. बाकीच्या मजुरांनी मालकाचे हात पाहिले आणि माना हलवल्या. वहिनीला नुकसानभरपाईचा एक पैसा मिळाला नाही. पैशाचं एक वेळ सोडा. पण जो माणूस त्या भिंतीखाली मालकाची खेचरं सोडवताना मेला, तो तिथे कामालाच नव्हता, हे ऐकून ती दगड झाली. त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी होती. तो तिथे कामाला होता, हे कोणीतरी मोठ्याने म्हणावं.

मी काही मेलो नाही. वहिनी माझ्या पाठीला तेल लावायची आणि मला शिव्या द्यायची. “तुझी दोरी आधी कापली त्यांनी. तुझी! इतकी गुणी खेचरं होती, आणि वाचलास कोण, तर तू! मेल्या, आता जगून दाखव.” मी तिचा खांदा चावायचो, पण हळू.

पाठ भरली तशी मालकाने मला पुन्हा जुंपलं. इतर कामाला त्याने ट्रॅक्टर आणला, पण त्या अरुंद वाटेवर ट्रॅक्टर शिरत नव्हता. तिथे हा मेलेलाच कामाचा. आता वहिनी मला हाकायची.

गडबड झाली ती मेहुण्याच्या सवयीमुळे. पुढच्या वर्षीचं विवरणपत्र भरताना त्याने नेहमीचे खर्च नेहमीसारखे उतरवून काढले. त्यात खेचरांचा चारा आला, खोगिराची दुरुस्ती आली आणि नालही आले. थोड्याच दिवसांत छाननीची नोटीस आली. कर अधिकारी बाईंनी विचारलं होतं, तुमची सगळी खेचरं मागच्याच वर्षी मेली किंवा निकामी झाली, तर ह्या वर्षी चारा कोणी खाल्ला? आणि नाल कोणाच्या पायाला ठोकले?

मालकाने नोटीस ऐकली आणि मेहुण्याच्या तोंडावर ठोसा मारला. पुढचा एक दात खिडकीतून उडून माझ्या गव्हाणीत पडला. मी तो चघळून पाहिला. चारा बरा.

मेहुण्याने रक्त पुसत उत्तर लिहिलं की अकरा मेली, बारावं जिवंत आहे पण कायमचं निकामी. त्याला भूतदयेपोटी खायला घालतो. भूतदया! मी ते ऐकून इतका जोरात ओरडलो की मालकाने खिडकीतून वीट फेकून मारली.

मग एक निरीक्षक पाहणीला आला. तो न कळवता आला आणि दुर्दैवाने मागून आला. मी भरल्या जाळ्यांसकट त्याच्या मांडीवर लाथ ठेवून दिली, तो थेट चिखलात जाऊन बसला. त्याच्या अहवालात एवढंच होतं: ‘सदर जनावर निकामी असल्याचे दिसून आले नाही.’ शहाणा माणूस.

त्यावर अधिकारी बाईंनी दोन्ही वर्षांची आकारणी नव्याने केली. एक खेचर खोटं निघालं, मग बाकीची अकरा तरी खरी कशावरून? मढी विकल्याची पावती नव्हती, आणि पंचनाम्यात खेचरवाल्याचं नाव होतं म्हणून मालकाने तो लपवून ठेवला होता. त्यांनी बाराच्या बारा नाकारली आणि वर दंडाची नोटीस लावली. मालकाने अपील केलं, तेही हरला. तेव्हा प्रकरण न्यायाधिकरणात गेलं. तिथल्या दोन सदस्यांनी म्हणे शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, आधी ते जनावर सरकारी डॉक्टरांकडून तपासून अहवाल आणा, मग बघू.

तपासणीची तारीख ठरली. मेहुणा कागद आणायला शहरात गेला होता. आदल्या दिवशी दुपारी मालक माझ्या खुंटीजवळ आला. हातात भट्टीची पहार होती.

“दोरी धर,” तो वहिनीला म्हणाला. “आखूड धर.”

“कशाला, मालक?”

“निकामी आहे असं लिहून दिलंय. मग निकामी नको दिसायला?”

वहिनी माझ्या पुढ्यात उभी राहिली. “मालक, मुकं जनावर आहे. ह्यांनी जीव देऊन सोडवलंय त्याला. नका मारू. मी पाया पडते.”

मालकाने तिला केसाला धरून बाजूला फेकलं. ती गव्हाणीच्या कडेवर आपटली, भुवई फुटली. मालकाने स्वतः दोरी खुंटीच्या खांबाला आखूड गुंडाळली, माझं तोंड खांबाला टेकेपर्यंत. तो पैलवान होता, त्याला कोन कळत होते. माझ्या मागच्या पायांपासून लांब, खांद्याच्या बाजूने उभा राहिला. पहिला घाव गुडघ्याखाली बसला आणि हाड नुसतं चिरलं. मी खांबासकट हललो. दुसऱ्या घावाला पाय वाकला. तिसरा कशासाठी होता ते त्यालाच माहीत. मी किंचाळलो, आणि तेव्हा मला कळलं की त्या दिवशी दोरीत बांधलेली ती अकरा काय म्हणत होती.

संध्याकाळी मेहुणा परतला. त्याने मला पाहिलं.

“भाऊजी, हे काय केलंत?”

“निकामी केला. कायमचा. आता लिहू दे त्या डॉक्टरला काय लिहायचं ते.”

“अहो, त्या वर्षी निकामी असायला हवा होता! ह्या वर्षी नाही! प्रत्येक वर्षाचा हिशेब वेगळा असतो, भाऊजी. तुम्ही पाय मोडलात, पण भलत्याच वर्षात!”

मालक पहिल्यांदाच कोणाला न मारता उभा राहिला. मग त्याने मेहुण्यालाही मारलं.

डॉक्टर आले तेव्हा पाय सुजून मडक्याएवढा झाला होता. त्यांनी नाल पाहिले, खोगिराचे ताजे घट्टे पाहिले आणि वहिनीची भुवई पाहिली. “हे कालचं आहे,” ते म्हणाले. “कोणी केलं?” मालक तिथेच उभा होता. वहिनी म्हणाली, “त्यांनी. त्या पहारीने.” पहारीला माझे केस चिकटले होते, ते डॉक्टरांनी चिमटीत धरून पाहिले आणि सगळं लिहून घेतलं.

त्यांचं मत होतं की मला सुई टोचून सोडवावं. पण मेहुणा म्हणाला, निकाल लागेपर्यंत पुरावा मारता येणार नाही. तेव्हा डॉक्टरांनी पायाला फळ्या बांधल्या. हाड वाकडंतिकडं जुळलं. वहिनीने त्या महिन्यांत मला कसं जगवलं ते ती जाणे. मालकाच्या घरून माझा चारा बंद झाला होता. मी तीन पायांवर उभं राहायला शिकलो.

बारावं खेचर आता हातचं गेलंच होतं. निदान अकरा तरी मिळावीत म्हणून मालकाच्या वकिलाने जोर लावला. अपघात खरोखर झाला होता हे दाखवायला पुरावा हवा होता, आणि पुरावा एकच होता, पोलिसांचा पंचनामा. एक माणूस भिंतीखाली मेला, एवढ्यासाठीच पोलीस आले होते. खेचरांसाठी कोण येतो? मालकाने लपवलेला पंचनामा वकिलाला काढून दिला आणि प्रतिज्ञापत्रावर सहीही केली. अडला हरी गाढवाचे पाय धरी.

निकाल आला तो दिवस मला नीट आठवतो. मेहुणा खिडकीत बसून मोठ्याने वाचत होता. वहिनी माझ्या अंगावरून ब्रश फिरवत होती. अकरा खेचरांची वजावट मान्य झाली होती. बाराव्याबद्दल सदस्यांनी लिहिलं होतं की ते संबंधित वर्षात पूर्णपणे कामाचं होतं, पुढे त्याला जाणूनबुजून जायबंदी करण्यात आलं, आणि करदात्याच्या ह्या कृत्याची आम्हाला शिसारी येते. मेहुणा हसला. मग पुढचं वाचताना त्याचा आवाज खाली आला.

“‘अपघाताबद्दल शंका घेण्यास जागा नाही. करदात्याने शपथेवर सांगितल्याप्रमाणे, त्याच्याकडे कामास असलेला खेचरवाला ह्याच अपघातात, करदात्याचीच जनावरे सोडवत असताना मृत्यू पावला.’”

वहिनीचा हात थांबला.

“परत वाचा, दादा.”

त्याने परत वाचलं. ‘त्याच्याकडे कामास असलेला’ हे शब्द त्याने सावकाश वाचले. मग पडलेल्या दाताच्या खिंडीतून जीभ फिरवत म्हणाला, “असा निकाल जाहीर असतो, वहिनी. कुणालाही मिळतो.” आणि एक प्रत खिडकीतून माझ्या पाठीवर ठेवून तो चहा प्यायला निघून गेला.

मालक अकरा खेचरं जिंकला म्हणून खूश होता. वहिनीने लावलेल्या दाव्याची कामगार न्यायालयाची नोटीस येईपर्यंत त्याची ही खुशी टिकली.

ती नोटीस येऊन आज पंधरवडा झाला. चार दिवसांपूर्वी वहिनी सुनावणीला निघाली होती. धुतलेलं लुगडं, हातात निकाल. निरोप घ्यायला माझ्याजवळ आली. मालक आला तो पहार घेऊनच. शिवीही दिली नाही त्याने. पहिला वार तिच्या खांद्यावर बसला, ती गुडघ्यांवर आली, निकाल शेणात पडला. तिने कमरेचा सुरा काढला, पण त्याने तिच्या मनगटावर पाय दिला आणि पहार डोक्यावर उचलली. मालकाला कोन कळत होते हे मी सांगितलंच. पण तीन पायांचं निकामी जनावर म्हणून त्याने ह्या वेळी हिशेब केला नाही. तो माझ्या अगदी मागे उभा होता.

सगळं वजन त्या जुळलेल्या पायावर टाकल्याशिवाय मागचे दोन्ही उचलता येत नाहीत. मी टाकलं. हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला आणि माझे खूर त्याला नंतर लागले. एक कमरेत बसला, एक जबड्यावर. मालक खिडकीखालच्या विटांवर जाऊन पडला आणि मी माझ्या कुशीवर. त्याने उठायचा प्रयत्न केला, पण कमरेखालचं काही हललं नाही.

मेहुणा दारात उभा होता. धावला नाही. “हे मात्र ह्याच वर्षातलं, भाऊजी,” एवढंच म्हणाला, आणि मग गाडी बोलवायला गेला.

वहिनी उठली. एका हाताने निकाल उचलला, पदराला पुसला. माझ्याजवळ बसली. मी डोळ्यांनीच तिला जायला सांगितलं. ती समजली, कारण तिने मला पुन्हा एक शिवी दिली आणि गेली.

संध्याकाळी गळ्यात हात बांधून परत आली. “पुकारलं रे,” ती माझ्या कानाशी म्हणाली. “शिपायाने दारात उभं राहून त्यांचं नाव पुकारलं. अमुक अमुक, खेचरवाला, वीटभट्टी. सगळ्या आवाराला ऐकू गेलं. तिथल्या साहेबांनी निकाल वाचला आणि म्हणाले, मालक एका दारात हा माणूस कामाला होता म्हणतो आणि दुसऱ्या दारात नव्हता म्हणतो, असं चालणार नाही.” मग ती खूप वेळ रडली. इतक्या दिवसांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

मला उभं करायचा तिने पुष्कळ प्रयत्न केला. चारा, तेल, फळ्या, सगळं झालं. आता डॉक्टर यायचे आहेत, ह्या वेळी सुई घेऊन. पुरावा म्हणून माझी कोणाला गरज उरली नाही. मेहुण्याने मला खिडकीतून विचारलं, “लिहू का रे ह्या वर्षात?” लिही बाबा. ह्या वेळी खरं आहे.

तुम्हा दोन पायांच्या मंडळींना एकच सांगणं आहे. तुमच्या कायद्यात मेलेल्या खेचराला जागा आहे, छान आहे. आमच्याबरोबर मरणाऱ्याचं नाव मात्र जिवंतपणीच कुठेतरी लिहून ठेवत जा. ते सिद्ध करायला दर वेळी कोणाचा पाय मोडावा लागू नये.

गाडीचा आवाज आला. डॉक्टर दिसतायत. वहिनी माझं डोकं मांडीवर घेऊन बसलीय आणि त्यांना ओरडून सांगतेय, मागून येऊ नका, लाथ मारतो तो.

राहू दे, वहिनी. येऊ दे त्यांना मागून.